सोळा वर्षांची एक प्रदक्षिणा

सोलापुरात मे महिन्यात गच्चीवर अंथरूण टाकणाऱ्याने रात्री दोनच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिले, तर वृश्चिकाची नांगी आणि धनू रास यांच्या मधला पट्टा क्षितिजापासून साधारण ४३ अंश वर आलेला असतो. आपल्या आकाशगंगेचे केंद्र त्याच दिशेला, सुमारे २६-२७ हजार प्रकाशवर्षांवर आहे. मात्र वाटेतल्या धुळीमुळे ते डोळ्यांना दिसत नाही, अवरक्त किरणांतच टिपावे लागते.

त्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ‘एस-२’ नावाच्या ताऱ्याचा मागोवा राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी वर्षानुवर्षे घेतला आणि त्यासाठी दोघांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. या ताऱ्याची एक प्रदक्षिणा १६ वर्षांची असून केंद्रापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १००० पट आहे. केप्लरने १६१९ मध्ये ग्रहांसाठी मांडलेला नियम, न्यूटनने त्यात वस्तुमानाची भर घातल्यावर, येथेही जसाच्या तसा चालतो. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत आणि काळ वर्षांत घेऊन अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागले, की मध्यभागाचे वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळते. हजाराचा घन शंभर कोटी, सोळाचा वर्ग २५६. भागाकार केला की सुमारे ३९ लाख येतात. म्हणजे मध्यभागी तितक्या सूर्यांचे वस्तुमान असले पाहिजे! नेमक्या मोजणीतून हा आकडा ४३ लाखांच्या आसपास येतो. कागद-पेन्सिलीच्या हिशोबाला एवढी जवळीक पुरेशी आहे.

केंद्रातले हे वस्तुमान म्हणजे कृष्णविवर, ज्यातून प्रकाशही सुटत नाही. कृष्णविवर आजूबाजूचे सारे काही ओढून गिळते, ही मथळ्यांनी रुजवलेली समजूत मला नेहमीच खटकते. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर पृथ्वी गारठेल खरी, पण तिची कक्षा बदलणार नाही. ‘एस-२’ देखील मे २०१८ मध्ये केंद्रापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट इतक्या जवळून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेला आणि सुखरूप बाहेर पडला.

न्यूटनचे गणित अपुरे पडते ते मात्र याच वळणावर. बुधाच्या कक्षेचा सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू न्यूटनच्या हिशोबापेक्षा शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्तीचा सरकतो आणि त्याचा उलगडा आइनस्टाइनने १९१५ मध्ये सामान्य सापेक्षता सिद्धांताने केला, हे परिचित आहे. ‘एस-२’ ची कक्षाही त्याच कारणाने दर फेरीला सुमारे १२ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वळते, असे २०२० मध्ये निश्चित झाले; त्यामुळे २०३४ च्या सुमारास तो पुन्हा केंद्राजवळ येईल, तेव्हा त्याची वाट आधीच्या वाटेशी तंतोतंत जुळणार नाही.