घुमट आरतीच्या कॅसेटी: ३८ पैकी १९ फ्लॅकमध्ये

काकांनी रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेटी मी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फायलींत, उतरवतो आहे. मागची नोंद लिहिली तेव्हा ११ कॅसेटी झाल्या होत्या. काल रात्री १९व्या कॅसेटची दुसरी बाजू उतरवून झाली, म्हणजे बरोबर निम्मं काम. सगळी रेकॉर्डिंग गोव्यातल्या माशेल आणि आसपासच्या वाड्यांवरची, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्यांची. काकांनी माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली) छोटा रेकॉर्डर ठेवून केलेली, बहुतेक १९८५ ते १९९३ मधली.

इतकी खटपट कशासाठी, हे नव्या मंडळींना सांगतो. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं तालवाद्य. या कॅसेटींत वाजणारी घुमटं घोरपडीच्या कातड्याची आहेत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता घुमटाला बकरीचं कातडं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तो याच बकरीच्या कातड्यावर, आणि ते योग्यच झालं. पण जुन्या कातड्याचा खोल, किंचित ओलसर घुमारा आता नव्याने रेकॉर्ड होणार नाही. जो आहे तो या टेपांवर आहे. म्हणून टेपवरून एकदाच उतरवायचं आणि त्यातलं काहीही न गाळता ठेवायचं, असं ठरवलं आहे.

गाळल्यावर काय होतं ते आमच्या घरी घडून गेलंय. २००९ साली यातल्या सहा कॅसेटी एका दुकानात देऊन एमपीथ्री करून घेतल्या होत्या. हातात आल्या १२८ किलोबिटच्या फायली. हा आकडा सेकंदाला किती माहिती ठेवली त्याचा, आणि तो जितका लहान तितकं एमपीथ्री जास्त गाळते. शेजारच्या आबांचं अख्खं आयुष्य शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) वाजवण्यात गेलं. त्यांना ऐकवलं तर दोन मिनिटांत म्हणाले, "कासाळें खंय गेलें?" कासाळं, म्हणजे आरतीतली मोठी झांज, होतं, पण त्याच्या जागी नुसती सळसळ होती.

आबांचा कान बरोबर होता. कासाळ्याचा आवाज वरच्या पट्टीत दाटीवाटीने पसरलेला असतो आणि आघात एकदम येतो. एमपीथ्रीला या दोन्ही गोष्टी जड जातात. १२८ वर एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सरळ कापून टाकतो. खाली जे उरतं ते ५७६ नमुन्यांच्या तुकड्यांनी मोजून ढोबळ आकड्यांत बसवतो. त्या ढोबळपणाची चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणजे आघाताच्या आधीच्या शांततेवरही. त्यामुळे 'झण्ण'च्या अगोदर एक बारीक 'फस्' ऐकू येतो. आघात ओळखून छोटे तुकडे पाडायची सोय एमपीथ्रीत आहे, पण १२८ मध्ये त्याला पुरेसे बिट मिळत नाहीत. घुमट मात्र बऱ्यापैकी वाचतं, कारण त्याचा जीव खालच्या पट्टीत असतो.

गेल्या महिन्यात चुलतभावाने त्याच सहा कॅसेटी "फ्लॅकमध्ये मिळाल्या" म्हणून पेन ड्राइव्ह दिला. स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या पट्ट्यांचं चित्र) उघडला आणि १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसली. २००९च्याच एमपीथ्री, फ्लॅकच्या डब्यात भरलेल्या. फाइल मोठी झाली, गेलेलं कासाळं परत आलं नाही. टेपच्या बाबतीत ओळखायची एक खूण मला फार उपयोगी पडते: कॅसेटवर संगीत वर जाताना हळूहळू विरतं, पण टेपची सरसर अगदी वरपर्यंत चालू राहते. ती सरसरच अचानक थांबली असेल, तर ती फाइल मधे कुठेतरी एमपीथ्री होऊन आली आहे असं समजा.

आता कामाचं. सर्वांत जास्त वेळ जातो तो डेकच्या हेडचा कोन जुळवण्यात. काकांच्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असावं, कारण माझ्या डेकवर प्रत्येक टेप सुरुवातीला कांबळ्याआडून ऐकल्यासारखी वाजते. हेडफोन लावतो, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐकतो, आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव पाव फेरा फिरवतो. कासाळं धूसर, धूसर, आणि मग एका जागी लखकन समोर येतं. तिथून अगदी केसभर पुढे गेलं की पुन्हा धूसर. १४व्या कॅसेटला दोन बाजूंना दोन वेगळे कोन निघाले, म्हणून आता बाजू पालटली की पुन्हा जुळवतो. इथे हयगय झाली तर पुढे लॉसलेस (काही न गाळता) ठेवून काही उपयोग नाही, धूसर आवाजच नेमका जपला जाईल.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. कॅसेटला २४ बिटची खरं तर गरज नाही, पण रेकॉर्डिंगच्या आवाजाची पातळी खाली ठेवून निर्धास्त राहता येतं. कासाळं कधी अंगावर येईल सांगता येत नाही. अर्ध्या तासाची एक बाजू वेव्हमध्ये (न दाबलेल्या कच्च्या फाइलीत) ५१८ एमबी होते. फ्लॅकमध्ये माझ्याकडे ती ३३० ते ३६० च्या दरम्यान बसते. सीडीवरून केलेल्या फ्लॅकच्या मानाने ही बचत कमी वाटेल, पण फ्लॅक पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधून फक्त चूक साठवतो, आणि टेपच्या सरसरीचा अंदाज बांधता येत नाही. फ्लॅकची दाबण्याची पातळी ८ ठेवली काय आणि ५ ठेवली काय, उलगडल्यावर आवाज तोच, फरक फक्त वेळेचा आणि थोड्या जागेचा.

खात्री म्हणून एक बाजू फ्लॅक करून पुन्हा वेव्ह केली, तिची लहर उलटी करून मूळ फाइलीत मिसळली; दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर काहीच उरू नये. निव्वळ शून्य. तेच ३२० च्या एमपीथ्रीवर केलं. आधी ट्रॅक हजारभर नमुने मागे सरकला होता, तो ओढून जुळवला, तर मागे कासाळ्याचं पुसटसं भूत उरलं. सुटं ऐकल्यावर ते दचकवतं, पण मूळ आवाजाखाली बरंचसं झाकलं जातं. त्यामुळे ३२० वाईट असं मी म्हणणार नाही. मूळ प्रत म्हणून ती नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

२००९च्या त्या सहांपैकी दोन कॅसेटींना नंतरच्या पावसाळ्यांत बुरशी लागली आणि टेप एकमेकांना चिकटली. त्यांची १२८ची एमपीथ्री हीच आता आमची मूळ प्रत. तिला हात लावलेला नाही. सुरुवातीची खरखर कापायची होती ती पुन्हा एन्कोड न करता फ्रेमच्या (एमपीथ्रीतल्या एका सुट्या तुकड्याच्या) सीमेवर कापून वेगळी प्रत केली. आवाज थोडा सावरायचा होता तिथे मात्र उलगडून फ्लॅकमध्ये ठेवला, कारण पुन्हा एमपीथ्री केली असती तर आणखी एक थर गेला असता. टॅगमध्ये स्पष्ट लिहिलं: 'मूळ १२८ एमपीथ्री, २००९'. लॉसीतून (गाळलेल्या फाइलीतून) लॉसलेस करायला माझ्या मते हे एकच रास्त कारण आहे, आणि तेही अशी पाटी लावूनच.

गेल्या मंगळवारी कॉपी चालू असताना वीज गेली. फायली दिसायला जागच्या जागी होत्या. फ्लॅकची तपासणी चालवली तर नववी कॅसेट, बाजू दोन, अर्ध्यावर तुटलेली निघाली. प्रत्येक फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह ठसा (आवाजावरून काढलेला ओळख-आकडा) असतो, त्यामुळे हे कळलं. दुसऱ्या डिस्कवरून परत घेतली. आता प्रत्येक कॉपीनंतर तपासणी करतोच.

घरच्यांसाठी फ्लॅकवरून दरवेळी ताज्या प्रती काढतो: गाडीतल्या पेन ड्राइव्हला २५६ची एमपीथ्री, फोनला ११२ची ओपस (एमपीथ्रीसारखाच दाबलेला, पण नवा प्रकार). व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे वाटेत फाइल बदलत नाही.

विसावी कॅसेट १९८७ची आहे, आबांचं शामेळ असलेली. फीत हेडवर दाबून धरणारी गादी गळून पडली आहे, तेव्हा आधी फीत दुसऱ्या कवचात घालावी लागेल. रविवारी आबांना बोलावलं आहे, स्क्रू फिरवताना हेडफोन त्यांच्या कानाला असेल.