चिठ्ठीवरचा रंगाचा रकाना

हर्बेरियमच्या, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीटवर खाली उजव्या कोपऱ्यात जी चिठ्ठी चिकटवतात, तिच्यात 'फुलाचा रंग' असा एक रकाना असतो. वनस्पतीचे नाव, कुळ, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, स्थानिक नाव आणि गोळा करणाऱ्याचे नाव या सगळ्यांच्या गर्दीत तो इतका साधा दिसतो, की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आम्ही मुली तो घरी गेल्यावर आठवेल तसा भरत असू. सरांनी तो तसा कधी भरू दिला नाही. दाबून वाळवलेले जांभळे फूल तपकिरी होते, पांढरे पिवळट पडते, आणि मग खरा रंग कोणता होता हे त्या नमुन्याकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही. "रंग जागेवर लिहायचा. नमुना शंभर वर्षं टिकेल, रंग संध्याकाळपर्यंतच आहे," असे ते म्हणत, आणि सगळ्यांची पेन्सिल थांबेपर्यंत पुढच्या झाडाकडे वळत नसत.

सरांना निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्याविषयी लिहू का, असे विचारले तेव्हा त्यांनी एकच अट घातली, की नाव घालायचे नाही. म्हणून इथे ते नुसते 'सर' आहेत. साताऱ्यातील आमच्या महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि मी जी कोणी आहे त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण एसटी स्टँडवर जमत असू आणि कासकडे जाणारी गाडी धरत असू. हे अभ्यासक्रमात नव्हते. त्यासाठी त्यांना भत्ता मिळत नव्हता, उलट ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नसतील त्याचे तिकीट त्यांच्या खिशातून निघे आणि त्याचा उच्चार पुन्हा कधी होत नसे. पठारावर पोहोचल्यावर ते आधी फुले दाखवत नसत, खडक दाखवत. जांभ्याच्या त्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसतो, पाऊस त्यातले पोषण धुऊन नेतो, आणि म्हणूनच सीतेची आसवे आणि दवबिंदू यांच्यासारख्या इवल्याशा वनस्पतींना कीटक धरून आपली नत्राची गरज भागवावी लागते. सीतेच्या आसवांचे रोप मुळाकडच्या ओल्या चिखलासह तळहातावर घेऊन, त्यातल्या मोहरीहूनही बारीक पिशव्या त्यांनी मला भिंगातून दाखवल्या, तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. निळ्या फुलाचे नाव मला आधीपासून ठाऊक होते. त्या फुलाखाली, पाण्यात बुडालेल्या मातीत, प्राणी पकडण्याची इतकी नेटकी व्यवस्था चालू असते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

कासचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला आणि गर्दी वाढली, त्यानंतरच्या मुलांना सरांनी पठारावरचे एक पानही तोडू दिले नाही. ती मुले बसून चित्रे काढत. फोटो चालत नसे, कारण फोटो काढताना माणूस बघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत मला तेव्हा टोकाचे वाटले होते, आता वाटत नाही.

प्रयोगशाळेतल्या कपाटात कुकच्या 'फ्लोरा'चे तीन खंड होते, १९५८ साली बोटॅनिकल सर्व्हेने पुन्हा छापलेले, कडा वाकलेले. मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. तो लिहिणारा थिओडोर कुक हा मुळात अभियंता होता, पुण्यात आज जे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे त्याचा प्राचार्य होता, आणि पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ नसलेल्या माणसाने केलेले हे काम शंभर वर्षांनंतरही टेबलावर उघडावे लागते, हे सर प्रत्येक नव्या तुकडीला आवर्जून सांगत. त्या पुस्तकातून वनस्पती ओळखायची म्हणजे 'की' लावायची. पाने समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, अशा प्रश्नांची एकेक पायरी उतरत नावापर्यंत पोहोचायचे. आम्हाला घाई असे. नावाचा अंदाज आधीच आलेला असे आणि मधल्या पायऱ्या आम्ही त्या अंदाजाला जुळतील अशा वाचत असू. सरांना ते मागे उभे राहूनही कळे. "की ढकलायची नाही," एवढेच ते म्हणत, आणि आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर जात असू. चार वेळा पहिल्या पायरीवर जाऊनही नाव लागले नाही, तर चिठ्ठीवर 'ओळख पटलेली नाही' असे लिहायला ते सांगत. तसे लिहिलेल्या शीटचे गुण त्यांनी कधी कापले नाहीत. स्थानिक नावाच्या रकान्यातही पुस्तकातले नाव चालत नसे. ज्याने नाव सांगितले त्याचे गाव खाली लिहावे लागे. भारंगीची कोवळी पाने बाजारात विकायला आणणाऱ्या एका आजींकडून मी चार भाज्यांची नावे लिहून घेतली होती. त्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या गावाचे नाव आहे.

आता जे लिहायचे आहे ते मी आजवर फार थोड्यांना सांगितले आहे. दुसऱ्या वर्षी सबमिशनच्या वेळी माझ्या दोन शीट्स कमी पडत होत्या. आई आजारी होती, दोन रविवार चुकले होते. माझ्या एका सीनिअर ताईने स्वतःच्या जुन्या शीट्सपैकी दोन मला दिल्या आणि मी चिठ्ठ्या बदलल्या. त्यातली एक फुललेल्या कारवीची होती. ठिकाणाच्या रकान्यात मी कासच्या रस्त्यावरच्या घाटाचा उतार लिहिला, तारखेच्या रकान्यात त्या वर्षीच्या सप्टेंबरमधली एक तारीख, आणि रंग 'निळसर जांभळा'. तो मी पुस्तकातून घेतला होता.

कारवी एका भागात साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच सगळी मिळून फुलते, बी धरते आणि मरते. पुढच्या पावसाच्या पहिल्या सरींनी तिची वाळलेली बोंडे तडतडत फुटतात आणि बी उडते. हे मला पाठ होते, परीक्षेत मी ते लिहिलेही असते. तरी चिठ्ठी लिहिताना ते माझ्या मनात आले नाही.

सरांनी शीट्स तपासताना ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. "यंदा फुललेली तुला सापडली? एखाददुसरं झुडूप पाळी सोडून फुलतं. कुठे नक्की? अगं, हे नोंदवून ठेवायला हवं. उद्या रविवारच आहे, दाखव मला." त्यांनी माझ्यावर क्षणभरही संशय घेतला नाही. घेतला असता तर मी बहुधा खोटे रेटून नेले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे आणि दोन वर्गमैत्रिणी गाडीने निघालो. घाटात उतरून सर पुढे चालू लागले, दगडांवरून, ओल्या गवतातून, छत्री मिटलेली. कारवीच्या खरखरीत पानांनी हात ओरबाडत होते. एकेका झुडपाच्या शेंड्यापर्यंत नजर नेत ते मला विचारत, "इथे? की त्या बाजूला?" आणि मी हात करेन तिकडे वळत. अर्धा तास झाला असेल. एका ठिकाणी त्यांचा पाय घसरला, ते हातावर पडले, उठले, तळहाताचा चिखल पँटला पुसला आणि मला म्हणाले, "तू जप हं, इथे निसरडं आहे." त्यानंतर मला पुढे जाता आले नाही. मी तिथेच उभी राहून सगळे सांगितले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रागावलेले दिसले नाहीत, पण थकलेले दिसले. मग म्हणाले, "नमुना खरा आहे. चिठ्ठी खोटी आहे. चिठ्ठी बदल." सोमवारी मी ताईकडून तिच्या मूळ नोंदी मिळवल्या आणि नवी चिठ्ठी लिहिली, तिच्या नावाची, तिच्या तारखेची. रंग तिच्या वहीत लिहिलेला नव्हता, म्हणून त्या रकान्यात 'नोंद नाही' असे लिहिले. सरांनी ती शीट महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवली, सबमिशनमध्ये मला दोन शीट्सचे गुण दिले नाहीत, आणि पुढच्या रविवारी स्टँडवर नेहमीसारखे विचारले, "डबा आणलास का?"

आज मी बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या टेबलावर पेरणीच्या आधीच्या महिन्यांत बियाण्यांच्या नमुन्यांचा ढीग असतो. प्रत्येक नमुना सांकेतिक क्रमांकाने येतो, तो कोणाचा हे मला ठाऊक नसते आणि नसावेच. सोयाबीनचे चारशे दाणे मोजायचे, शंभर-शंभरचे चार गट ओल्या टॉवेल पेपरात गुंडाळून जर्मिनेटरमध्ये, म्हणजे उगवणीच्या कपाटात, ठेवायचे, पाचव्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या दिवशी शेवटची. सामान्य रोपे वेगळी, विकृत वेगळी, मेलेले दाणे वेगळे. सोयाबीनला उगवणशक्ती किमान ७० टक्के लागते. या पिकाच्या दाण्याचे साल पातळ असते, मळणीत आणि पोती टाकताना त्याला इजा होते, म्हणून रोपाच्या दांड्यावर चीर पडलेली कितीतरी रोपे हाताखाली येतात. ती चीर वरवरची असेल तर रोप सामान्य, आतपर्यंत गेली असेल तर विकृत. हे ठरवायचे असते माझ्या डोळ्यांनी, नखाने ती चीर हलकेच उघडून.

एका वर्षी एका नमुन्याची सरासरी ६९ येत होती. कोणीही मला काही सांगितले नव्हते, कोणाचा फोन नव्हता. तरी माझे बोट विकृत रोपांच्या ढिगातल्या चार-पाच रोपांकडे पुन्हा पुन्हा जात होते, आणि त्या चिरा मला प्रत्येक खेपेला थोड्या उथळ दिसू लागल्या. मी की ढकलत होते. हे शब्द मनात आले आणि मी हात मागे घेतला, पहिला गट पुन्हा उघडला आणि चारही गट पहिल्यापासून मोजले. आकडा ६९च राहिला आणि मी तोच लिहिला. ते बियाणे पिशवीत भरून कोणाच्या रानात गेले असते, तर उगवण कमी झाल्यावर दुबार पेरणीचा खर्च ज्याच्या डोक्यावर बसला असता तो माणूस मला कधीच भेटणार नव्हता. सरांचा पाय जिथे घसरला तो उतार मात्र मला त्या दुपारी स्पष्ट दिसत होता.

पुढे एका वर्षी त्या घाटात कारवी खरोखर फुलली. मी सुटी काढून साताऱ्याला गेले आणि सरांना घेऊन त्याच वळणावर उतरले. त्यांचे गुडघे आता चढ घेत नाहीत. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि मी शेताच्या मालकाला विचारून वर गेले. सगळा उतार फुलला होता आणि मधमाश्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. एक फांदी घेऊन मी तिथेच वही उघडली. कोवळ्या कळीशी रंग गडद जांभळा होता, उमललेल्या फुलात निळसर, आणि उतरत्या फुलात फिका. तिन्ही लिहिले.

खाली आल्यावर सरांनी फांदी हातात घेतली, बराच वेळ पाहिली, आणि मग माझी वही मागितली. गोळा करणाऱ्याच्या रकान्यात मी दोघांची नावे लिहिली होती. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले आणि स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ ओढली.

"मी खालीच बसलो होतो," ते म्हणाले.