चिऊच्या रात्रीच्या लेन्सेस

मागच्या वर्षी चिऊचा नंबर दीडवरून सव्वादोन झाला, तोही एका वर्षात, आणि ती तेव्हा फक्त नऊची होती. घरातले म्हणाले वाढतो गं मुलांचा, चष्मा बदलायचा. पण मला रात्री झोप लागेना, कारण माझा स्वतःचा साडेसात आहे आणि दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या आतल्या पडद्याला छिद्र सापडलं म्हणून मी लेझर करून घेतलंय. जाड काचेचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण हे पडद्याचं प्रकरण माझ्या लेकीच्या वाट्याला येऊ नये एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर डोळा काढून समजावलं. मुलांचा नंबर वाढतो म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळाच मागे लांबत जातो, आणि एक मिलिमीटर लांबला की साधारण अडीच ते तीन नंबर वाढतो. लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. मोठेपणी लेझरने चष्मा जाईल हो, पण आत ताणला गेलेला पडदा तसाच राहतो. हे मला इतकी वर्षं चष्मा लावून माहीत नव्हतं!

मग ऑर्थो-के. रात्री झोपताना लावायच्या कडक लेन्सेस, त्यांतून ऑक्सिजन आरपार जातो. लेन्स आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, यांच्या मधे अश्रूंचा पातळ थर असतो, त्याच्या दाबाने कॉर्नियाचा वरचा थर मधे चपटा होतो आणि कडेच्या गोलात थोडा जाड. सकाळी लेन्स काढली की दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. पण खरं काम कडेचं आहे, तिथून येणारा प्रकाश पडद्याच्या मागे न पडता पुढे पडतो आणि त्यामुळे लांबायचा इशारा कमी होतो असं मानतात. हाँगकाँगला 6 ते 10 वर्षांच्या मुलांवर दोन वर्षं अभ्यास झाला, 2012 मध्ये छापून आला, त्यात चष्मावाल्या मुलांपेक्षा ऑर्थो-केवाल्यांच्या डोळ्यांची लांबी 43 टक्के कमी वाढली. कमी वाढली, थांबली नाही, हे नीट समजून घ्या. आणि लेन्स बंद केली की कॉर्निया काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मूळ आकारावर येतो.

सासूबाई हादरल्याच, "अगं झोपेत पोरीच्या डोळ्यात काच?" पहिले चार दिवस मीही रात्री उठून तिचे डोळे बघत होते. आता चिऊ स्वतः लावते. उजवी हिरवी, डावी निळी. सकाळी आधी डोळ्यात थेंब, मग पापणी हलवून लेन्स सरकतेय का बघायचं, सरकली तरच छोट्या रबरी सक्शनने काढायची. चिकटलेली असेल तर ओढायची नाही, परत थेंब आणि थांबायचं, शाळेची बस गेली तरी चालेल.

एका रात्री निळी लेन्स बेसिनमध्ये पडली आणि तिने पटकन नळाखाली धरली. मी ओरडलेच. नळाच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा जीव असू शकतो, तो कॉर्नियात शिरला तर नजर जाऊ शकते, आणि रात्रभर लेन्स घालणाऱ्याला इन्फेक्शनचा धोका तसाही जास्त असतो. ती रडायला लागली, मलाही वाईट वाटलं, पण त्या रात्री लेन्स नाहीच. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, आई फळा धूसर दिसला. आता बेसिनपाशी लेन्स काढायचीच नाही, जेवणाच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरायचा, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. डोळा लाल किंवा दुखरा असेल तर लेन्स बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

खर्च चष्म्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, लेन्सेस बदलत राहाव्या लागतात, म्हणून सगळ्यांनी हेच करा असं मी म्हणणार नाही, कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपिनचे थेंबही याच कामासाठी आहेत, ते मैत्रिणीच्या मुलाला चालू आहेत. पण जे काही कराल तिथे नंबरच्या बरोबरीने डोळ्याची लांबी मोजून मागा, मशीनवर दोन मिनिटं लागतात आणि दुखत नाही. लेन्स घालून नंबर कमीच दिसतो, त्यामुळे आम्हाला खरं काय चाललंय ते लांबीवरूनच कळतं. चिऊच्या उजव्या डोळ्याची लांबी वर्षात 24.18 वरून 24.31 मिलिमीटर झाली, मी तो कागद फ्रिजवर लावलाय.

आता सुट्टीत मामाकडे जायचंय, चार दिवस. डबी, सोल्युशन, थेंब, सक्शन आणि जुना चष्मा असा बटवा तिने आत्ताच भरून ठेवलाय.