वाटीतले राळे

आमच्याकडे दोन बजी आहेत, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात ते छोटे पोपट. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात. क्रॉफर्ड मार्केटात जिथून दाणा आणते, तो दुकानदारही तेच म्हणतो. लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि हे ऑस्ट्रेलियाचे, असं मी एकदा त्याला सांगून पाहिलं. त्याने पुडीची गाठ मारली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पहिली पुडी घरी आली तेव्हा सासूबाईंनी ती ताटात ओतली, चष्मा लावला आणि निवडायलाच बसल्या. "ही बाजरी. ही करडई. आणि अगं, हे तर राळे!" त्या बार्शीकडच्या. भोगीला त्यांच्या माहेरी राळ्याचा भात व्हायचा. मुंबईत आल्यापासून त्यांनी राळ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. "इथे पाखरांना घालतात होय?"

आमचा नर मात्र राळ्यांकडे ढुंकूनही बघत नसे. आधी सूर्यफुलाच्या बिया, मग उरलं तर बाकीचं. आमचे हे चिवड्यातले शेंगदाणे वेचतात तसंच. डॉक्टरांनी त्याची छाती चाचपली आणि सूर्यफूल जवळजवळ बंदच करायला सांगितलं. त्या बियांच्या गरात निम्मं तेल. रानातले बजी गवताच्या बिया खातात, पण त्यासाठी मैलोन्‌मैल उडतात. आमचे उडतात पडद्याच्या दांडीपासून टीव्हीपर्यंत. बाजरी-राळ्यांतून ताकद मिळते, प्रथिनं मिळतात, पण अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नुसत्या दाण्यातून पुरेसं मिळत नाही. म्हणून आता रोज किसलेलं गाजर, कोथिंबिरीची काडी आणि पिंजऱ्याला टांगलेला समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं हाड. उसळीसाठी मूग भिजवले की मोड आलेले चार त्यांच्या वाटीत.

एक चूक सांगायलाच हवी. बजी दाणा सोलून खातो आणि टरफलं वाटीतच टाकतो. सकाळी वाटी भरलेली दिसली म्हणून मी निर्धास्त ऑफिसला गेले. संध्याकाळी दोघे वाटीपाशी गप्प बसलेले. फुंकर मारली तर टरफलं सगळ्या ओट्यावर उडाली आणि तळाशी दाणे उरले होते जेमतेम सात-आठ. पस्तीस-चाळीस ग्रॅमचा तो जीव, त्याला दिवसभर उपाशी राहणं कसं झेपायचं? तेव्हापासून सकाळी चहा टाकायच्या आधी वाटीवर फुंकर.

यंदा भोगीला दादरहून राळे आणले. चकचकीत पाकीट, वर 'मिलेट' लिहिलेलं आणि भाव पाखरांच्या दाण्यापेक्षा चांगलाच चढा. कुकर लावण्याआधी सासूबाईंनी कच्च्या राळ्यांची चिमूट बाजूला काढून पिंजऱ्यात ठेवली. नर उतरला, वाटीत डोकावला, चोचीने राळे इकडेतिकडे केले आणि सूर्यफूल शोधू लागला.