रविवारच्या ड्युटीत ऐकू येणारी घंटा

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या या गावात आले, नगरपालिकेत नाव नोंदवलं, तेव्हा फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी अभिमानाने प्रोटेस्टंट असं लिहिलं. पहिला पगार हातात आला तेव्हा कळलं की इथे चर्चचा कर परस्पर पगारातून कापला जातो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या आमच्या राज्यात तो आयकराच्या 8 टक्के असतो. फार चीड आली. आपल्याकडेही चर्चला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देतात, कापणीच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे ठेवतात, मग त्यांचा लिलाव होतो. पण ते आपण होऊन, स्वतःच्या हाताने. देवाला द्यायचं ते सॅलरी स्लिपवर? आणि एवढं कापूनही रविवारी बाकं रिकामीच. आमच्या गावी, नगरला, नाताळात चर्चबाहेर मांडव घालावा लागतो! सोबतच्या नर्स म्हणतात, "नाव काढून टाक, अर्ज केलास की सुटलीस." लोक काढतातही. 2022 या एका वर्षात जर्मनीत पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी चर्च सोडलं.

मी सोडलेलं नाही, ते एका घंटेमुळे.

मी वृद्धाश्रमात काम करते, त्यामुळे बरेच रविवार ड्युटीत जातात. चर्च समोरच आहे. उपासनेआधी घंटा वाजते ते ठाऊक होतं, पण उपासना चालू असताना मध्येच ती पुन्हा का वाजते हे कळत नव्हतं. एका रविवारी एका आजींना दही भरवत होते. या आजी स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत, माझं नाव रोज नव्याने विचारतात. घंटा वाजली तशी त्यांनी चमचा बाजूला सारला, हात जोडले आणि प्रभूची प्रार्थना, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. कुठे अडखळल्या नाहीत. नंतर पाळकबाईंनी सांगितलं, चर्चमध्ये ही प्रार्थना चालते तेवढा वेळ घंटा वाजवतात. आजारी असतील, स्वयंपाकघरात असतील, कामावर असतील, त्यांनी आहेत तिथून सोबत म्हणावी म्हणून.

कामावर असतील. म्हणजे मी!

पुढच्या वेळी हातमोजे न काढताच मी आजींच्या शेजारी उभी राहिले. त्या जर्मनमध्ये, मी मराठीत. रडू आलं. या देशात मी कुणाची कोण? व्हिसा करारावर, घर पगारावर. आणि इथे कुणीतरी शेकडो वर्षांपासून ठरवून ठेवलंय की बापापुढे उभं राहताना बाहेर राहिलेलं लेकरू मोजायचं. हे मला फार आवडलं. आपल्या नगरच्या भरल्या चर्चमध्येही हे कुणाला सुचलेलं नाही, हे मान्य करायला हवं.

आमच्या घरात देवाला बाप म्हणायला सुरुवात केली ती पणजीने. 1900 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात ज्या मुली आणल्या, त्यांत ती होती. आईबाप गेलेले, गाव आठवत नाही, जन्मतारीख नाही. ती पोर तिथे शिकली, वाढली, संसाराला लागली, आणि म्हातारपणी नातवंडांना सांगायची, "माझा बाप कधी मेलाच नाही." हे मी बाबांकडून ऐकत मोठी झाले, पण त्याचा अर्थ इथे कळला. रात्रपाळी संपवून बर्फातून एकटी घरी चालत येते तेव्हा मला भीती वाटत नाही. वाटायला हवी खरं तर, पण कुणाची तरी नजर आपल्यावर आहे, आपण कुणाला तरी फार हवे आहोत, हे मला आत पक्कं माहीत असतं.

बाबांना सोडून आले म्हणून नगरला काहीजण बोलतात. बोलोत. भाऊ जवळ आहे, औषधांचे पैसे मी पाठवते, रोज संध्याकाळी फोनवर आम्ही एकत्र प्रार्थना करतो. एका छताखाली राहून बापाशी अबोला धरलेली घरंही मी पाहिली आहेत.

परवा कॉफी पिताना सोबतच्या नर्सने विचारलं, "तुझा देव बाप आहे, तर तुझ्या पणजीचे आईवडील उपाशी का मेले?" ती कुत्सितपणे विचारत नव्हती. मी म्हटलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ती पोर वाचली, तिला कुणीतरी उचलून घेतलं, आणि ते कुणी पाठवलं यावर तिचा मरेपर्यंत विश्वास होता. माझाही आहे.