टेपचा इको, नऊ व्होल्ट आणि गावची लाइन

गावात इको म्हटलं की डोळ्यांपुढे येतो साऊंडवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर. निवेदक "बंधू-भगिनींनो" म्हणतो आणि "नींनो, नींनो, नींनो" करत तो आवाज मंडपाबाहेर जातो. गिटारवाल्याला हवा असतो टेपचा इको, आणि या दोन्हींत फरक आहे तो झिजण्याचा. टेपवर दर फेरीला आवाज थोडा झिजतो: वरचा चरचरीतपणा जातो, खालचा गदगदीत भागही उतरतो, सूर किंचित हलतो. पहिला ठोका स्पष्ट, तिसरा धूसर, पाचवा नुसती सावली. म्हणूनच तो गाणाऱ्याच्या शब्दांवर चढत नाही. इकोचं पेडल (गिटारच्या वाटेत जोडायचा, पायाने दाबायचा डबा) विकत घ्या नाहीतर घरी बांधा, आधी ही झीज कशी होते ते कानाने तपासा. किती मिलिसेकंद मिळतात हे मागाहून बघितलं तरी चालतं.

मूळ यंत्रांचा हिशेब सोपा आहे. एक हेड टेपवर आवाज लिहितं, पुढचं हेड तो वाचतं. मधलं अंतर भागिले टेपचा वेग म्हणजे इकोचा वेळ. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि हेडमध्ये ३.८ सेंटिमीटर असतील तर २०० मिलिसेकंद. वॅटकिन्सचं कॉपीकॅट १९५८ चं, एकोप्लेक्स त्याच्या आगेमागेचं, रोलंडचं आरई-२०१ स्पेस एको १९७४ चं. बिन्सन एकोरेकमध्ये टेप नव्हतीच, फिरता चुंबकी ड्रम होता. पण आवाजाचं गोत्र तेच. एकोप्लेक्समध्ये हेड सरकवून वेळ बदलतात. स्पेस एकोमध्ये वाचणारी तीन हेड जागेवर असतात आणि मोटारचा वेग बदलतो. त्या तीन हेडची अंतरं साधारण एक, दोन, तीन या पटीत असल्यामुळे एकाच वेळी तीन ठोके तालात येतात. आजच्या पेडलवर "हेड" किंवा "मोड" नावाची चकती दिसते, ती याचीच नक्कल.

कुणाच्या अडगळीत खरं जुनं यंत्र सापडलंच तर थेट प्लगमध्ये घालू नका. अमेरिकन यंत्र ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं, जपानी बहुधा १०० व्होल्टचं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. लाइनच्या हर्ट्झवर फिरणारी ६० ची मोटार आपल्या ५० वर सहापैकी पाचच फेरे घेते, इको वीस टक्के लांबतो आणि मोटार तापते. सूर मात्र बदलत नाही, कारण लिहिणं-वाचणं दोन्ही एकाच वेगाने होतं. अशा यंत्राची टेप आणि हेड पुसत बसण्याचा उत्साह कौतुकाचा आहे, पण कापसाच्या जिनिंगची धूळ उडणाऱ्या गावात कार्यक्रमाला न्यायचं असेल तर पेडलच बरं.

पेडलमध्ये तीन रस्ते आहेत. बॉसची आरई-२ आणि आरई-२०२ ही स्पेस एकोच्या घराण्यातली, त्यांत हेडचे मोड तयार मिळतात. स्ट्रायमनच्या एल कॅपिस्तानवर टेपचं वय आणि हेलकावा यांची वेगळी बटणं आहेत. झीज कशी घडते ते शिकायला याच्याइतकं चांगलं पेडल नाही, फक्त त्याला ३०० मिलिअँपिअर धरून चालावं. तिसरा रस्ता स्वस्त आणि हाताला चटके देणारा: स्वतः बांधणं.

बांधायला घ्यायची पीटी२३९९ ही चिप. तैवानच्या प्रिन्सटन टेक्नॉलॉजीची, १६ पायांची, ५ व्होल्टची. साऊंडवाल्याच्या इको बोर्डावर बरेचदा हीच बसलेली असते. नागपूरला सीताबर्डीवर सुट्या भागांच्या दुकानात इको बोर्ड मागितला तर तयारही मिळतो. पण त्यात गिटार थेट खोचली की आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा येतो. बोर्ड माइकसाठी बनलेला असतो, त्याचा इनपुट गिटारच्या पिकअपला ओढून धरतो आणि ट्रेबल खातो. म्हणून पुढे बफर (पिकअपवर भार येऊ न देणारं सर्किट) लावायचा: टीएल०७२ या दुहेरी ऑप-अँप चिपचा एक अर्धा भाग, इनपुटला २२ नॅनोफॅरड, आणि १ मेगाओहमने साडेचार व्होल्टला, म्हणजे नऊच्या निम्म्याला, बांधलेला इनपुटचा पाय. एवढ्याने अर्धा रोग जातो.

वेळ ठरतो सहाव्या पायापासून ग्राउंडपर्यंतच्या रेझिस्टरवर. किलोओहमला ११.४६ ने गुणा आणि २९.७ मिळवा, जवळपास मिलिसेकंद येतात. १० के ला १४४, २४ के ला ३०५. बाजारात सहज मिळणारा २२ के चा पॉट (फिरवून रेझिस्टन्स बदलायची चकती) घ्या आणि त्याच्या मालिकेत २.२ के चा पक्का रेझिस्टर टाका. ५५ ते ३०७ मिलिसेकंदांची रेंज मिळते. तो २.२ के कंजुषी करून गाळू नका. सुरू होतानाच्या क्षणी सहाव्या पायावर रेझिस्टन्स फार कमी असेल तर चिप अडकते आणि इको येतच नाही. लोक मग चिप जळाली म्हणून दुसरी आणतात, ती पण "जळते". करंट बंद करून, टाइमचा पॉट अर्ध्यावर नेऊन परत चालू करा. इको आला तर चिप ठीक आहे, रेझिस्टर राहिला आहे.

५० के चा पॉट लावून ६०० मिलिसेकंद काढणारे आहेत. निघतात. पण ३४० च्या पुढे चिपचं घड्याळ इतकं सुस्त होतं की ठोक्यांत पीठ चाळल्यासारखी खरखर येते. ती जुन्या टेपची खरखर नव्हे, दोन्ही शेजारी लावून ऐका.

आता झीज. दुसऱ्या फेरीसाठी परत जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे रिपीटच्या (किती ठोके यायचे ते ठरवणाऱ्या) पॉटकडे जाणाऱ्या तारेत, १० के रेझिस्टर आणि त्याच्या पलीकडून ग्राउंडला ४.७ नॅनोफॅरड. हे साधारण ३.४ किलोहर्ट्झपासून वरचं कापतं. १० नॅनो लावलं तर १.६ किलोहर्ट्झ; हा ठोका फारच झाकोळतो, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड जोरात असतील तर ऐकूच येत नाही. खालचा भाग उतरवायला त्याच वाटेवरचा कपलिंग कॅपॅसिटर (सिग्नल ज्यातून पुढे जातो तो) लहान करायचा, ४७ नॅनोच्या आसपास. आणि फिल्टरनंतर दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट ग्राउंडला. हे टेपच्या दबण्याची भरड नक्कल करतात: रिपीट पूर्ण उघडला तरी शिट्टी कानठळी बसवत नाही, ०.६ व्होल्टच्या आसपास अडून घोंगावत राहते. फिल्टर फक्त आउटपुटला लावणारेही बरेच आहेत. त्याने सगळे ठोके सारखेच मंद होतात, एकामागून एक झिजत नाहीत. तारेची जागा तेवढी चुकते आणि सगळा खेळ जातो.

सूर हलवण्यासाठी दुसरा टीएल०७२ घेऊन सेकंदाला अर्धा ते एक फेरा घेणारा त्रिकोणी एलएफओ (व्होल्टेज सावकाश वरखाली करणारं सर्किट) बांधायचा, त्यापुढे किती हलवायचं ते ठरवणारा डेप्थचा पॉट, आणि १ मेगाओहममधून सहाव्या पायाला. एक हर्ट्झवर मागेपुढे १ मिलिसेकंद हलवलं तर सूर साधारण ७ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) सरकतो, तेवढं बस झालं. यात एक खोच आहे. टाइम वाढवला की त्याच डेप्थला हेलकावा पण वाढतो, कारण तेव्हा सहाव्या पायातून आधीच कमी करंट वाहत असतो. १५० वर गोड लागणारी सेटिंग ३०० वर बोट लागल्यासारखी होते. डेप्थचा पॉट वरच ठेवा, डब्याच्या आत प्रीसेट म्हणून नको.

टिक-टिक, चीं-चीं असा बारीक आवाज राहिला तर चूक बहुधा ग्राउंडची असते. तिसरा आणि चौथा पाय एका जागी जोडून तिथूनच मुख्य ग्राउंडला न्या. ९ चे ५ व्होल्ट करणाऱ्या ७८एल०५ नंतर १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड चिपच्या पायाला चिकटून, दोन इंच लांब नव्हे. आयसी बेस वापरा आणि दोन-तीन चिपा आळीपाळीने बसवून बघा; एकाच पाकिटातली एखादी दुसरीपेक्षा बरीच शांत निघते.

अ‍ॅडॉप्टर हा गावातला सगळ्यात मोठा पेडलखाऊ. पेडलचं ९ व्होल्ट म्हणजे बहुधा मधली पिन मायनस, बाहेरची प्लस. घरात पडलेला राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा आणि मधली पिन प्लस. प्लग मात्र तंतोतंत बसतो. तसंच भारनियमनात राउटर चालवायला पॉवर बँकेची ५ चे ९ व्होल्ट करणारी केबल मिळते, तिचीही मधली पिन प्लस असते. केबल कापून दोन तारा अदलाबदल करा, मल्टीमीटरने खात्री करा, मगच पेडलला लावा. या केबलवर पेडल चालवण्यात एक अडचण आहे: घरी बांधलेलं पेडल इतका कमी करंट घेतं की पॉवर बँकेला वाटतं, काही जोडलेलंच नाही, आणि थोड्या वेळात ती झोपते. दुसरं पेडल त्याच केबलवर जोडून भार वाढवला की जागी राहते. स्टेप-अपची शिट्टी ऐकू आली तर वाटेत १०० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड लावा. जास्त करंट खाणाऱ्या डिजिटल पेडलला मात्र हा रेझिस्टर नको, त्याचे व्होल्टच पडतील.

डीपीपासून लांबच्या मंडपात हॅलोजन लागले की व्होल्टेज कोसळतं. जड, ट्रान्सफॉर्मरवाला जुना अ‍ॅडॉप्टर अशा वेळी भणभणतो. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला हलका एसएमपीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जातीचा, घ्या, त्याला फरक पडत नाही.

बिछायतवाल्याच्या बोर्डाला तीन भोकं असतात, तिसऱ्याची तार बऱ्याचदा कुठंच गेलेली नसते. गिटार वाजवत गाणाऱ्यांनी आधी मल्टीमीटर एसीवर ठेवून गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मोजावं. ५०-१०० व्होल्ट दिसले तर ते एसएमपीएसमधून झिरपलेले असू शकतात किंवा खरा फॉल्टही असू शकतो. मीटर दोन्ही सारखंच दाखवतं. गिटारचा अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, अर्थिंगची तार खरोखर जमिनीत जाते का ते बघा, माइकला स्पंजचं टोपण घाला. भणभण थांबवायला प्लगची अर्थपिन तोडणं हा उपाय नव्हे. त्यासाठी ग्राउंड-लिफ्टवाला डीआय बॉक्स असतो, गिटार मिक्सरला जोडणारा डबा; तो फक्त सिग्नलची ग्राउंड तोडतो.

अ‍ॅम्प नसेल, गिटार डीआयवरून सरळ मिक्सरला जात असेल, तर पेडल ओव्हरड्राइव्हच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) नंतर ठेवा. साऊंडवाल्याला पेडल ऑक्झिलरी सेंडवर (मिक्सरमधून इफेक्टकडे जाणाऱ्या वाटेवर) हवं असेल तर त्याला सेंड निम्म्याच्याही खाली ठेवायला सांगा, मिक्सरचा जोरदार लाइन सिग्नल गिटारच्या पेडलला पेलत नाही.

टाइम लावताना ढोलकीच्या ठोक्यांची १५ सेकंदांत मोजणी करा, चारने गुणा, आणि ६०,००० ला त्या आकड्याने भागा. १५ सेकंदांत २५ ठोके म्हणजे मिनिटाला १००, एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. पीटी२३९९ ला निम्मा, ३००, जमतो. तिसरा हिस्सा हवा तर २००. रिपीट तीन, मिक्स (मूळ आवाजात इकोचा वाटा) पाव भाग. पण त्याआधी मैदान बघा. शाळेच्या पटांगणात स्पीकरसमोर ५० मीटरवर वर्गांची भिंत असेल तर स्टेजवर तिचाच इको साधारण २९० मिलिसेकंदांनी परत येतो. त्यावर पेडलचे ३०० चढवले तर दोन्ही एकमेकांत घुसतात आणि ढोलकीचा हात घसरल्यासारखा वाटतो. तिथे २०० वर या, नाहीतर १२० चा एकच ठोका ठेवा. मोकळ्या धुऱ्यावरच्या मंडपात भिंतच नसते, तिथे ३०० खुशाल लावा.

साऊंडवाल्याचा इको गायकाच्या माइकवर चालू असेल तर गिटारचा मिक्स आणखी उतरवा. तो बंद कर म्हणून सांगण्यात अर्थ नाही, गावाला तो आवडतो.

वैशाखात ४५ अंशांत काळा डबा उन्हात ठेवला की हात लावता येत नाही. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर ८५ अंशांचे नकोत, १०५ चे घाला, दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं रात्रभर चालतात, तेव्हा पहाटेचं दव पेडलवर बसतं, पॉट कुरकुरायला लागतात. दोन प्रवेशांच्या मध्ये फडकं टाकून ठेवा. आणि पेडल बंद करू नका, चालू डबा आतून किंचित कोमट राहतो, त्यावर दव कमी धरतं.