गल्ल्यावरचं इरलं

कपडेपटात अठरा वर्षं काढली, पण ‘ही टोपी कशाला?’ असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

गोरेगावच्या फिल्मसिटीत एका मालिकेचं शूटिंग होतं. काळ १९६५, जागा मुंबईतलं चिनी हॉटेल. मालक रात्री गल्ल्यावर नोटा मोजतोय, एवढाच सीन. कागदावर ‘चिनी मालक’ वाचलं आणि मी डोळे झाकून गोदामातून नेहमीचा जोड उचलला. निमुळती बांबूची टोपी, तिला मागून चिकटवलेली काळी वेणी, लाल सॅटिनचा झगा. हनुवटीखालचं इलॅस्टिक ढिलं होतं, गाठ मारून दिलं.

भूमिका करणारे गृहस्थ माझगावात वाढलेले चिनी. मराठी माझ्याहून स्वच्छ. आरशात बघून हसले. “दादा, मी घरात बसलोय, तेही रात्री. ऊन कुठलं, पाऊस कुठला?”

मग वेणी हातात धरली. “ही मांचू राजांनी १६४५ मध्ये सक्तीनं ठेवायला लावली. नाही ठेवली तर मुंडकं जायचं. १९१२ ला ते राज्य बुडालं, वेण्याही गेल्या. माझे आजोबा इथेच दातांचे डॉक्टर होते. ब्रिलक्रीम लावून भांग पाडायचे.”

मी टोपी उलटी केली. बांबूच्या कामट्या, मधे वाळकी पानं. आमच्या चिपळूणकडे आजी लावणीला इरलं घ्यायची, त्याचीच ही बहीण. आजी इरलं घेऊन दुकानाच्या गल्ल्यावर बसली असती तर गावानं वेड्यात काढलं असतं.

आणि मी कोणत्या तोंडानं बोलणार? मागे एका परदेशी जाहिरातीत टॅक्सीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना फेटे हवे होते. दिवसभर चरफडलो होतो. चरफडत चाळीस फेटे बांधले होते.

दिग्दर्शकाकडे गेलो. तो म्हणाला, “अहो, चिनी आहे हे बघताक्षणी कळायला नको?”

“चेहरा आहे, मागे चिनी अक्षरांची पाटी आहे. अजून काय कळायचंय?”

थोडी घासाघीस झाली. वेणी आणि झगा गेला. टोपी मात्र त्याला फ्रेममध्ये हवीच होती, ती मागच्या खुंटीला टांगली. ऐनवेळी शर्ट कुठला आणणार? माझाच पांढरा दिला. गळ्यात फार ढगळ होत होता, कॉलरला मागून दोन पिना मारल्या.